बंदुकीचा दाखला

“खरं काय ते लिव्हा, मिस्त्री. माज्याकडं बगू नगा,” हवालदार गावडे म्हणाला आणि भिंतीकडं तोंड करून उभा राहिला.

एप्रिलचे दिवस होते. गडहिंग्लजच्या माझ्या दुकानाचा पत्रा तापून आत नुसती भट्टी झाली होती. माझ्या मांडीवर गावडेची बारा बोअरची पंप गन, आणि समोर बँकेचे चौकशी अधिकारी सामंतसाहेब रुमालानं मान पुसत बसलेले. मी नळीखालचा पंप मागं ओढला, पुढं ढकलला. खटक, खटक. एवढा हलका, की माझ्या सहा वर्षांच्या नातीनंसुद्धा चालवला असता.

“चालते की हो!” साहेब म्हणाले.

“चालते.”

“अडकते का कधी? दहात एखाद्या वेळेस?”

मी रिकामी काडतुसं भरून वीस वेळा पंप मारला. मागच्या रानात नेऊन पाच बार काढले, पाचही झाले. परत येऊन सगळी बंदूक खोलून फडक्यावर मांडली. आत सगळीकडं सारखं, चकचकीत तेल. गंजाचा एक ठिपका नाही. मला बरं वाटलं, खोटं कशाला सांगू! बँकांच्या राखणदारांच्या बंदुका मी चाळीस वर्षं बघतोय. कुणाच्या नळीत कोळ्याचं जाळं, कुणाच्या पोटात झुरळांची अंडी. विचारलं तर म्हणणार, तिला काय होतंय, लोखंड तर आहे. अरे शहाण्या, लोखंडालाच तर सगळं होतं! माणूस आजारी पडला तर कण्हतो तरी. बंदूक गप्प राहते आणि नेमकी नडीला दगा देते.

मी दस्तगीर शिकलगार. आजा तलवारींना धार लावायचा, बाप बंदुका दुरुस्त करायचा, मीही तेच केलं. तालुक्यात माझ्या दाखल्याला किंमत होती. फौजदार असो नाहीतर मामलेदार, शिकलगारानं लिहिलं म्हणजे झालं, असं म्हणायचे. त्याचा मला माज होता. होताच.

साहेब समोर चहा प्यायला गेले तसा मी हळूच म्हणालो, “हवालदार, आतली स्प्रिंग मऊ पडलीय असं लिहू का? एवढी एकच वेळ.”

जन्मात असं कुणाला विचारलं नव्हतं. पण भैरू गावडे माझा वीस वर्षांचा दोस्त. पलटणीतून सुटून आला तो पहिल्यांदा परवान्याचा कागद घेऊन माझ्याच दुकानात आला होता. ही बंदूक त्याला मीच निवडून दिली. दर सप्टेंबरला तो ती माझ्याकडं आणायचा, मी खोलून साफ करायचो, आणि तो शेजारी बसून पलटणीतल्या गप्पा हाणायचा.

“न्हाई,” तो भिंतीकडं बघतच म्हणाला. “जे हाय त्येच लिव्हा.”

आणि मला वाटलं, संपलं. म्हणजे हा खरंच भ्यायला.

झालं होतं ते असं. डिसेंबरात, साडेनऊच्या सुमाराला, धुकं अजून उठलं नव्हतं तेव्हा गावडेच्या गावच्या बँकेच्या शाखेत तिघं कोयते घेऊन शिरले. आत गावडे आणि कॅशियर दिगंबर भादवणकर, दोघंच. तिजोरी नुकती उघडलेली. गावडेनं बंदूक उचलली. पंप गनचा नियम असा की काडतुसं नळीखालच्या दुसऱ्या नळीत भरून ठेवायची आणि वेळ आली की पंप मारायचा, म्हणजे काडतूस वर येऊन बसतं. गावडेनं पंप मागं ओढला. तो निम्मा पुढं आला आणि थांबला. पुढं नाही, मागं नाही. तो झटत राहिला, आणि तेवढ्यात दिगंबर तिजोरीच्या दाराला आडवा झाला. एकच वार बसला, मानेवर. पोरगा तिथंच गेला.

पोलीस आले, पंचनामा झाला. उजेड हवा म्हणून दुपारी सगळं बाहेर उन्हात आणलं होतं. बंदूक तासभर जीपच्या टपावर पडून होती. मग फौजदारानं ती हातात घेतली, पंप मारला. खटक, खटक. सगळ्या गावादेखत. अडकली म्हणणारा गावडे त्या गर्दीत मान खाली घालून उभा होता.

जाणत्या माणसाला ठाऊक असतं, पंप पूर्ण मागं नेला नाही, भीतीनं हात थरथरला, अर्धाच ओढला, तर तो अडकतोच. यात बंदुकीचा दोष नसतो. मी दाखला लिहिला : बंदूक पूर्णपणे चालू स्थितीत. निगा चांगली. कोणताही बिघाड नाही. आणि कुणी विचारलं नसताना, आपलं ज्ञान दाखवायला, खाली आणखी एक ओळ घातली : घाबरून पंप अर्धवट ओढल्यास तो अडकू शकतो.

सामंतसाहेबांनी ती ओळ दोनदा वाचली. “उत्तम,” म्हणाले.

त्या ओळीनं गावडे संपला. नोकरी गेली. बंदुकीचा परवाना गेला. माजी सैनिकांच्या संघटनेनं त्याला झेंडावंदनाला बोलवायचं बंद केलं. गावात तो पारावरून गेला की टपोरी पोरं तोंडानं आवाज काढायची, खटक, खटक. दिगंबरची आई सोनाक्का त्याच गल्लीतली, भिंतीला भिंत लागून. विधवा बाई, एकुलता एक पोरगा. ती रोज सकाळी दारात उभी राहून गावडेला शिव्या घालायची, आणि हा ऐकून घ्यायचा. मे महिन्यात तो बंदूक घेऊन माझ्याकडं आला. परवाना नाही तर घरात ठेवता येत नाही. “गिऱ्हाईक आलं तर इका,” म्हणाला. बसला नाही. मीही बस म्हणालो नाही.

दुसऱ्याची ठेव म्हणून मी ती हात न लावता तशीच कपाटात उभी केली.

डिसेंबर आला. त्या साली थंडी मरणाची होती, शेकोटीपासून माणूस हलत नव्हतं. सकाळी दुकान उघडलं तोच साखर कारखान्याचा एक राखणदार आला. पंप गन पाहिजे म्हणाला. मी गावडेची काढून दिली. “घ्या. अशी निगा राखलेली बंदूक तालुक्यात मिळायची नाही.”

त्यानं पंप ओढला. पंप हलेना.

“मिस्त्री, थट्टा करताय व्हय?”

“आण इकडं, तुला येत नाही.” मी ओढला. जोर लावला. निम्मा आला आणि रुतून बसला. पुढं नाही, मागं नाही. मी, चाळीस वर्षं हेच करणारा, झटत राहिलो. त्या थंडीतही मला घाम फुटला.

गिऱ्हाइकाला वाटेला लावलं आणि बंदूक खोलली. आत पंपाच्या पट्ट्यांवर, खाचांत, कोपऱ्याकोपऱ्यांत पांढरं मेणचट काहीतरी गोठून बसलेलं. नखानं खरवडून तळहातावर घेतलं, तर क्षणात त्याचं पाणी झालं. बंदुका काळ्या करायच्या तेजाबानं माझं नाक कधीच गेलंय, वास म्हणून येत नाही. जिभेला लावून बघितलं.

खोबरेल!

सगळं सामान उन्हात ठेवलं. अर्ध्या तासात पांढरं गेलं आणि आत सगळीकडं सारखं, चकचकीत तेल. मी एप्रिलच्या भट्टीत बघून खूश झालो होतो ते हेच. पंप मारला. खटक, खटक.

या अल्ला, काय करून बसलो मी! गावडेचा हात थरथरला नव्हता. त्यानं पंप पूर्ण ओढला होता. त्या सकाळी तिथं कुणीही असतं तरी बंदूक अडकलीच असती. आणि मी बसल्या बैठकीला, माझ्या अकलेच्या तोऱ्यात, एका शूर माणसाला भित्रा ठरवून मोकळा झालो.

दुकानाला कुलूप घातलं आणि मिळाली ती एस.टी. पकडली. सबंध वाटेत मनात मांडत होतो : नवा दाखला लिहायचा, सामंतसाहेबांच्या टेबलावर आपटायचा, माफी मागायची, पारावर उभा राहून सांगायचं. रडू येत होतं आणि आनंदही होत होता. बाजूचा माणूस सरकून बसला.

गावडे गोठ्यात म्हशीला वैरण टाकत होता. वर्षभरात पार वाळला होता. मला बघून त्यानं फक्त भुवया उचलल्या.

“हवालदार, मला कळलं! बंदूक का अडकली ते कळलं!” मी धापा टाकत म्हणालो. “आत कुणीतरी खोबरेल ओतलंय. थंडीनं गोठलं. तुझी काही चूक नव्हती. उद्याच्या उद्या...”

“हळू बोला,” तो म्हणाला. घराकडं बघून त्यानं गोठ्याचं दार ओढून घेतलं. “ठाऊक हाय मला.”

“काय ठाऊक हाय?”

“खोबरेलाचं. पयल्यापास्नं ठाऊक हाय.”

मी वैरणीच्या भाऱ्यावर बसलो.

“दिवाळीच्या पयल्या आंगुळीला मी नदीला गेलतो,” तो म्हणाला. “परत आलो तर हिनं बंदूक खुंटीवरनं काडून मांडीवर घितलेली. वाटीभर तेल पाजलं तिला. म्हणाली, घरात समद्यास्नी तेल लागतंय, हिला का नको? वरीसभर तुमास्नी हीच तर संबाळती. हसत हुती वो. मला पुसून काडाया पायजे हुतं. पलटणीतला मानूस मी, मला कळत न्हाई व्हय? पन तिच्यादेखत कसं पुसायचं? म्हणलं, येत्या ऐतवारी काडू. ऐतवारी ऊस तोडाया आला. म्हणलं फुडच्या ऐतवारी.”

“आणि मग?”

“मग त्यो दिस आला. अडकली तवा मला बी काय कळंना. दुसऱ्या दिशी सकाळी ही तेलाची बाटली चुलीम्होरं ठिवत हुती, वितळाया. त्या बाटलीकडं बगितलं आन् समदं उमगलं.”

“म्हणजे एप्रिलात माझ्या दुकानात उभा होतास तेव्हा...”

“तवा बी ठाऊक हुतं.”

माझं डोकंच फिरलं. “अरे भल्या माणसा, मग बोलला का नाहीस? माझ्या हातानं स्वतःला भित्रा लिहून घेतलंस! माझ्या हातानं!”

“तुमी काय खोटं लिवलं? बंदूक चालत हुती, चालती म्हणून लिवलंसा.” तो माझ्या शेजारी टेकला. “मिस्त्री, आमास्नी पोर न्हाई. दिगू ह्याच घरात वाडला. सोनाक्का रोजगाराला जायची, त्यो हिच्या काकंवर असायचा. अजून बी ही त्याच्या नावानं पान वाडती, गाईला घालती. तिला कळलं की आपल्या हातानं पोरगं गेलं, तर ती जगंल का? तुमीच सांगा.”

बाहेरून इंद्रावहिनींचा आवाज आला, “कोन आलंय वो? च्या टाकू?” आणि गावडे एकदम मोठ्यानं म्हणाला, “मिस्त्री आल्यात! टाक, टाक!”

मग माझा हात घट्ट धरून म्हणाला, “शपथ घ्या. ती हाय तवर कुनाला सांगायचं न्हाई.”

“आणि तुझं काय? जन्मभर हे ‘खटक खटक’ ऐकणार?”

“तुमास्नी कळलं न्हवं मी भ्यालो न्हवतो? एका मानसाला कळलं. बास झालं मला.”

आणि तो रडला. एवढा मोठा माणूस, छातीवर पदकं लावून हिंडलेला, म्हशीच्या अंगाला डोकं लावून आवाज न करता रडला. मी शपथ घेतली. इंद्रावहिनी मागच्या श्रावणात गेल्या, म्हणून आज तोंड उघडतोय.

पुढं जवळजवळ दोन वर्षं मी महिन्यातून एकदा त्याच्याकडं जायचो. आम्ही पिकापाण्याचं बोलायचो, बंदुकीचा विषय नाही. दुसऱ्या पावसाळ्यात त्याला खोकला धरला तो सुटलाच नाही. गणपतीच्या आधी निरोप आला, हवालदार गेला.

मी पोचलो तेव्हा तिरडी बांधून झाली होती. आमच्या भागात फौजी माणूस गेला की चार गावचे माजी सैनिक येतात, टोप्या घालून, फुलांचं चक्र घेऊन, मानानं सलामी देतात. गावडेच्या दारात कुणी नव्हतं. गल्लीतले पाच-सहा जण लांब भिंतीला टेकून उभे. त्याच गावचे सुभेदार रेडेकर आपल्या ओट्यावर बसून होते, साधा सदरा, हाताची घडी. सोनाक्का तिच्या उंबऱ्यात बसली होती. उचलायची वेळ झाली तरी कुणी पुढं येईना. दोन भाचे, एक मी. चौथा खांदा मिळेना.

इंद्रावहिनी उठल्या. डोईवरचा पदर खाली पडलेला, त्याचं भान नाही. सगळ्यांदेखत माझ्यापुढं येऊन उभ्या राहिल्या.

“मिस्त्रीभाऊ, बंदूक तुमी खोलून बगितली हुतीसा. तुमी खोटं बोलत न्हाई, समदा तालुका म्हणतोय. आज खरं सांगा. माजा मानूस भ्याला हुता का?”

सुभेदार ओट्यावरून उठून उभे राहिले.

“नाही वहिनी,” मी म्हणालो. “भ्यायला नव्हता.”

“मग बंदूक का उडाली न्हाई? सांगा की! का उडाली न्हाई?”

त्यांच्या डोळ्यांत मी बघितलं. त्यांना काही म्हणजे काही ठाऊक नव्हतं. मी तिरडीकडं बघितलं. आणि मग जे बोललो ते आधी ठरवलेलं नव्हतं, खुदा कसम.

“माझ्यामुळं,” मी म्हणालो. “त्या सप्टेंबरात मी तिच्यात जुनी स्प्रिंग घातली. नवी मिळाली नाही, म्हणलं चालतीय. तिनंच घात केला. एप्रिलात बंदूक तपासायला माझ्याचकडं आली तेव्हा ती गुपचूप बदलली आणि हवालदाराच्या नावावर ढकलून मोकळा झालो. दुकान वाचवलं मी माझं. हवालदारानं पंप पूर्ण ओढला होता. त्याच्या जागी कुणीही असता तरी बंदूक उडाली नसती.”

सोनाक्का उंबऱ्यावरून उठली, भिंत धरत धरत आली. तिचं तोंड माझ्या तोंडापासून वीतभर लांब.

“म्हंजे माज्या दिगूला तू मारलास.”

“व्हय,” मी म्हणालो.

ती माझ्या तोंडावर थुंकली. मी पुसलं नाही. मग ती वळली, गावडेच्या पायाशी बसली, तिरडीवर डोकं आपटत ओरडली, “भैरू, मला माप कर रं! तीन वर्सं तुला शिव्या घातल्या रं!” इंद्रावहिनींनी तिला पोटाशी धरलं आणि दोघी बाया मोठ्यानं रडू लागल्या. तीन वर्षांत पहिल्यांदा त्या दोघी एकमेकींना शिवल्या असतील.

सुभेदार घरात गेले. बाहेर आले ते पलटणीची टोपी घालून, छातीला पदकं लावून. भिंतीला टेकलेली माणसं पुढं झाली. बघता बघता दहा खांदे गोळा झाले, एकमेकांना सरका म्हणायला लागले.

मी माझी जागा धरायला वाकलो. पुढं डाव्या बाजूला, मघाशी ठरली होती ती. सुभेदारांनी माझ्या दंडाला धरून मला बाजूला काढलं. जोरात नाही, हळूच.

“मिस्त्री, तुम्ही निघा आता,” ते म्हणाले. “तुमचा खांदा त्याला नको.”

वहिनींनीही माझ्याकडं बघितलं नाही. पुढंही कधी बघितलं नाही. दोन महिन्यांत माझ्या दुकानातल्या बंदुका एकेक करून परत गेल्या, आणि पुढच्या साली मी परवाना जमा केला.

त्या दिवशी मी फाट्यापर्यंत चालत आलो. ओढ्याच्या पलीकडं स्मशान दिसत होतं. गाव सगळं जमलं होतं, शेजारच्या वाडीतनंही माणसं धावत येत होती. सुभेदारांचा आवाज इथपर्यंत आला, “सावधान!” रस्त्याच्या कडेला मी एकटाच ताठ उभा राहिलो. एस.टी. आली, थांबली. कंडक्टरनं दोनदा हाक मारली आणि गाडी निघून गेली.